तिसऱ्या फेरीतलं बाविसावं मिनिट

— नाही हो काका, तुमचं काही चुकलं नाही, मान जरा सरळ ठेवा, हां, अशी — चुकलं असेल तर वायरीचं चुकलं असेल. फोनवर सांगितलं ना, कानामागची एक वायर त्या दिवशी सुटली होती, म्हणून परत बोलावलं. सुटते कधीकधी. घाम येतो, डोकं उशीला घासतं, की गेली. आता थंड लागेल, ही पेस्ट आहे, घाबरू नका — म्हणजे तुम्ही कशाला घाबराल, घाबरायचं काम माझ्याकडे आहे. अख्ख्या हॉस्पिटलात मला दचकी म्हणतात, तुम्ही आम्हाला आणता-नेता त्या बसमध्येही म्हणतात, ऐकलं असेलच तुम्ही. माप घेते डोक्याचं. कपाळाच्या खालपासून मागच्या उंचवट्यापर्यंत — छत्तीस. मागच्या महिन्यातही छत्तीसच होतं. एवढी एकच गोष्ट आहे या खोलीत जी परत मोजली तरी तीच येते. हे लाल ठिपके पेन्सिलीचे आहेत, मेणाची पेन्सिल, साबणानं जातात, काकूंना सांगा घाबरू नका म्हणून. मागच्या वेळी त्यांना वाटलं होतं ना कुठे आपटून आलात?

चहा नाही ना घेतला सकाळपासून? खरं सांगा. अर्धा कपही नाही? — बरं. नियम आहे म्हणून सगळं परत सांगते, तुम्हाला पाठ असलं तरी ऐकायचं. चार फेऱ्या. प्रत्येक चाळीस मिनिटांची, मध्ये दोन-दोन तासांची सुट्टी. तुम्ही इथे पलंगावर टेकून बसायचं, मंद दिवा, हातात काही नाही, बोलायला कुणी नाही, आणि जागं राहायचं. एवढंच. गुणगुणायचं नाही, स्वतःला चिमटे काढायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत — मागच्या वेळी पहिल्या फेरीत तुम्ही अंगठा हलवत होतात, कॅमेऱ्यात दिसतं मला, मी काही बोलले नाही ती गोष्ट वेगळी. मी पलीकडच्या खोलीत पडद्यापुढे बसते. तीस सेकंदांचं एक पान सरकतं पडद्यावर. झोपेची तीन पानं लागोपाठ आली की फेरी संपली, मी आत येते, दिवा लावते, आणि ज्याच्या हातात गाडी असते त्याची गाडी जाते. लोकांना वाटतं इथे झोपायची परीक्षा असते. झोपायची सोपी आहे हो, ती सगळेच पास होतात.

खिडकी नाही, हो. मागेही विचारलं होतंत. माझ्या खोलीलाही नाही. आमच्या मोठ्या टेक्निशियनना मी एकदा म्हटलं, निदान एखादं चित्र तरी लावू या भिंतीवर, तर म्हणाले, चित्र लावलं की पेशंट त्याच्याकडे बघत जागा राहील, आणि चित्राशिवाय तू जागी राहतेस की नाही तेही आम्हाला बघायचंय. विनोद करतात. मग मी हसते. बाहेर ऊन आहे की चिखल, ते मला पेशंटच्या चपलांवरून कळतं. दार आतून लावलं ना, की कान बसल्यासारखे होतात, सुरुवातीला तर मी दर पाच मिनिटांनी कडी उघडतेय का ते बघून यायचे. अजूनही बघते. दिवसातून दोनदा. तीनदा. — डोळे मिटा, डोळ्याशेजारी लावायची आहे.

आरशात? कोण, मी? नाही हो काका, मी कशाला बघीन आरशात, मी आपली तुमच्या मागच्या सीटवर बसते कारण मला मागे मळमळतं, शिवाय तुम्हीच तर रुमाल टाकून जागा धरता माझ्यासाठी — सगळ्या सिस्टर हसतात, दचकीला ड्रायव्हरकाकांनी दत्तक घेतलंय म्हणतात — बघते. बरं, बघते. आरशात तुमचे डोळे दिसतात त्या सीटवरून, तर मग बघणार नाही का माणूस? सवय आहे मला, दिवसभर डोळेच बघते मी, जागा माणूस कशी पापणी मारतो, टपकन, आणि झोप चढलेल्याची पापणी कशी खाली जाऊन जरा तिथेच बसते, मग आठवण झाल्यासारखी वर येते. त्या मंगळवारी लांबच्या सिग्नलला हिरवा लागला आणि तुम्ही हललाच नाहीत, आठवतं? मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायच्या आत मी ओरडले, काका माझी छत्री राहिली! — छत्री आणलीच नव्हती मी. कडकडीत ऊन होतं. सिस्टर म्हणाल्या, हिला आता उन्हातही भिजायची भीती वाटायला लागली. हसू द्या. गाडी हलली ना. आई विचारते, बसून जातेस, बसून येतेस, तरी एवढी दमतेस कशानं? काय सांगू तिला, की येता-जाता बस मीच चालवते, नुसत्या डोळ्यांनी?

हनुवटी वर. दाढी केलीत ते बरं झालं, इथली वायर दाढीवर धरत नाही. — काय? कुठली सुटली होती? सांगितलं ना, उजव्या कानामागची. — डावी? फोनवर डावी म्हणाले होते? नसेन हो म्हणाले. — नाही, म्हणजे, दोन्हीकडे असतात, तर त्यातली एक — काका, तुम्ही असं बघू नका माझ्याकडे, ठिपका चुकतो माझा.

सुटली नव्हती.

कुठलीच सुटली नव्हती. सगळं नीट होतं, वायरी, पेस्ट, मशीन, सगळं. तिसरी फेरी. बाविसावं मिनिट. तुमचे डोळे सरकायला लागले होते, आतल्या आत, पाळण्यासारखे, सावकाश — तुम्हाला कळत नाही ते, कुणालाच कळत नाही — एक पान झोपेचं गेलं, दुसरं गेलं, आणि तिसरं अर्ध्यावर आलं होतं. मी पडद्याला नाक लावून बसले होते. आणि मोठे टेक्निशियन मागून आले, स्टेपलर मागायला. स्टेपलर! खांद्याला नुसता हात लावला त्यांनी. आणि मी किंचाळले, आई गं! — आता मी किंचाळते हे काही नवीन नाही, पण सूचना वाचून दाखवताना तुमच्या खोलीत आवाज जायचं जे बटण असतं ना, ते मी बंदच केलं नव्हतं. ते उघडं राहिलं होतं बावीस मिनिटं. माझा श्वाससुद्धा ऐकू गेला असेल तुम्हाला. पडद्यावर सगळ्या रेघा एकदम उभ्या राहिल्या, टक्क जागे झालात, आणि मग राहिलेली अठरा मिनिटं जागेच राहिलात. चौथ्या फेरीतही. कोण झोपेल हो असली किंकाळी ऐकल्यावर?

नियम काय आहे, आवाज झाला की मिनिट लिहायचं, कुणाचा ते लिहायचं, ती फेरी बाद. पंधराच दिवस झाले होते मी ट्रे पाडून एका बाईंची अख्खी तपासणी वाया घालवल्याला, आणि डॉक्टर मॅडम काही ओरडल्या नाहीत, त्या ओरडतच नाहीत, चष्मा काढून पुसत म्हणाल्या, तुम्हाला कायम करायचं की नाही याचा नीट विचार करावा लागेल. मोठे टेक्निशियन स्टेपलर घेऊन केव्हाच गेले होते, बटणाचं त्यांना ठाऊकच नाही. मग मी त्या रकान्यात लिहिलं, शांत. एवढंच, दोन अक्षरं. मॅडमनी सही केली, चारही फेऱ्या जागे, वाहन चालवण्यास हरकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टॉपवर उभी आणि तुम्ही दार उघडून म्हणता काय, या ताई. मला वाटलं तिथून पळून जावं. चढले. न चढून कुठे जाणार, सकाळपाळीच्या सगळ्या सिस्टर त्यातच असतात, काचेला डोकं टेकून, तोंडं उघडी टाकून झोपलेल्या, अख्खी बस झोपलेली असते काका, जागं राहायचं ते तुम्ही एकट्यानं. तुम्ही आणि मी.

— काय?

ऐकलं होतंत?

मग बोलला का नाहीत? महिना झाला! रोज दोन वेळा — — मुद्दाम? मी? तुम्हाला वाटलं मी मुद्दाम ओरडले? तुम्हाला झोप लागतेय हे बघून, उठवायला? — अरे देवा. म्हणून ती जागा. म्हणून तो रुमाल. आणि मी आपली समजत होते, बिचारे काका, मुलीसारखी — नाही हो काका, मी एवढी धीट असते तर पाहिजे काय होतं? मला उपकार करता येत नाहीत, मी फक्त दचकते. तुमची नोकरी मी वाचवली नाही, मी माझी वाचवली.

आणि ते रात्री लावायचं मशीन? झोपेत श्वास अडकतो म्हणून दिलेलं, ते मुखवट्याचं? लावता ना? — काका, मी काय विचारतेय. — कधीपासून नाही? — काकूंना आवाजानं झोप येत नाही म्हणून? म्हणजे काकू गाढ झोपणार आणि बसमधली बेचाळीस माणसं — नाही, चिडत नाही मी. चिडू कुणावर? स्टिअरिंगवाचून हात रिकामे वाटतात म्हणालात ना मागे, ते माझ्या डोक्यातून जात नाही, तुम्हाला स्टोअरमध्ये खोकी मोजायला बसवतील आणि रोज मी त्या दारावरून जाईन. आणि खरं सांगू, सकाळपासून मी मनातल्या मनात तुमच्यासाठी देवाला हात जोडतेय की आज जागे राहू देत — तुमच्यासाठी कसलं, माझ्यासाठी. आज चारही फेऱ्या जागे राहिलात तर ते ‘शांत’ खोटं असूनही खरं पडेल, कुणाला काही सांगायलाच नको. आणि संध्याकाळी मी परत त्याच सीटवर. उद्याही. पापण्या मोजत.

झाल्या सगळ्या वायरी. उठायचं असेल तर आत्ता उठा. खरंच सांगते, दोन मिनिटांत काढते सगळं, कापसानं पुसून देते. मॅडमना काय सांगायचं ते माझं मी बघेन. — बसता? — विचार करा. — बरं.

नाही. काका, नाही. तुम्ही पेंगलात तरी मी खोकणार नाही. एकदाच म्हणजे काय, एकदासुद्धा नाही. खुर्चीही सरकवणार नाही. मोठे टेक्निशियन आले तर आज दाराला आतून कडी असेल. तोंडावर हात धरून बसेन मी चाळीस मिनिटं, आणि तुमचे डोळे सरकायला लागले तर सरकताना बघत बसेन, तिसरं पान पुरं होईपर्यंत. असे हात जोडू नका हो, बोटाची क्लिप निघते. थांबा, त्याआधी मला एक करू दे, नाहीतर माझ्याच्यानं परत होणार नाही. मागच्या महिन्याचा कागद. तिसरी फेरी. ‘शांत’वर रेघ मारली, बघा. बाविसावं मिनिट, टेक्निशियनचा आवाज, फेरी बाद. खाली सही. अक्षर वाकडं आलंय, असू दे, वाचता येतंय.

आता सूचना. शांत बसा. समोर बघा, दिव्याकडे बघू नका. जितका वेळ जागं राहता येईल तितका वेळ जागे राहा. — समजलं का, हो म्हणा, मान हलवू नका. — बरं. आता बोलायचं नाही, काका. मीही नाही.