सुखरामचा कान

विद्यार्थ्याच्या जिवाचे रक्षण हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय. ते बजावल्यामुळेच तुलाराम गुरुजींवर चौकशी लागली होती. एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर आंधळगावच्या थांब्यावर भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहत किराणावाले केशवराव पेपर उघडून बसले होते. शेजारच्या बाकावर गुरुजी आणि त्यांच्या वर्गातल्या सुखरामची आई कुंताबाई बोलू लागल्यापासून त्यांनी पान उलटले नव्हते.

“कुंताबाई, तुमचा पोरगा बोडीच्या तळ्यात बुडून राहिला होता. मी कानाले धरून वाचवला. अन् तुम्ही अर्ज करता, गुरुजीनं मारलं म्हणून?”

“कान केवढा सुजला होता, गुरुजी! हाताले काहून नाही धरलं?”

“हात पाण्यात होते, बाई! कानच वर दिसला. आता नोकरी जाऊन राहिली माही.”

“म्हणून तं चालली ना तुमच्यासंग. साहेबाले सांगतो, मारलं नाही.”

“वाचवलं म्हणून सांगा!”

“ते कसं सांगू? पोरगा म्हणते, मी शिंगाडे तोडत होतो, गुरुजीनं कायले उडी घेतली कोण जाणे.”

“पोराले काय समजते!”

“म्हणते, काठावर मीच आणलं त्याईले.”

“बाई, हळू बोला.”

“हळूच बोलून राहिली. पण काठ येईपर्यंत तुम्ही कान काहून नाही सोडला?”

गुरुजींनी रस्त्याकडे पाहिले. गाडीचा पत्ता नव्हता.

“मले पोहता येत नाही.”