बुजलेल्या सांध्यांतली वाट

मंडळी, ऐका! प्रश्न साधाच आहे. देवाला कुठलं अंगण आवडतं — डोळे दिपवणारं, की पायाला ओळख देणारं? थांबा, लगेच माना डोलवू नका! हेमलताबाईंनीही अशीच घाई केली होती.

कोण हेमलताबाई? सांगलीतल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी. कामाला वाघीण — आणि आवाजालाही! अंगणात पेव्हर ब्लॉक, पलीकडे दत्ताचं छोटंसं देऊळ. पावसानं ब्लॉकच्या सांध्यांतली वाळू वाहून गेलेली, शेवाळ धरलेलं, आणि दत्तजयंती तोंडावर! बाईंनी पदर खोचला. अंगण घासलं, वाळवलं, सांध्यांत वाळू भरून घेतली. इथवर सगळं यथासांग! मग आलं सीलर — ब्लॉकमध्ये पाणी, तेल मुरू नये म्हणून मारतात ते. पातळ हात पुरतो. पण आपली सवय कशी? वाटी भरली तरी वाढप्याला म्हणायचं, अजून घाल! बाईंनी हातावर हात मारून घेतले. सांधेच बुजले. अंगण झालं आरसा! बायका वाकून टिकली सरळ करायला लागल्या, आता बोला!

दत्तजयंतीची सकाळ. बाई कौतुक ऐकायला उभ्या. तेवढ्यात तळमजल्यावरचे वासुकाका उदगावे बाहेर आले. डोळ्यांनी अंध, पण रोज आरतीला एकटे जायचे. काकू गेल्यापासून सगळं दुसऱ्याच्या हातानं व्हायचं. हे एवढं चालणंच त्यांचं स्वतःचं उरलं होतं. काका थोडे पुढे आले आणि थांबले. काठी इकडे फिरवली, तिकडे फिरवली — नुसती घसरायची. देऊळ एकीकडे, काकांचं तोंड स्कूटरच्या रांगेकडे, आणि आत आरती सुरू झाली!

बाई धावल्या. हात पुढे केला. काकांनी तो धरला नाही.

"सेक्रेटरीबाई, इथं सांध्याची खाच होती. काठी तिच्यातनं सरकवत मी जायचो. ती कुठं गेली हो?"

"चला ना काका, मी सोडते."

"आज सोडाल. उद्या?"

आणि काका चाचपडत घरात परतले. दार लागलं.

बाईंना प्रसाद गोड लागेना. जरीच्या साडीतच त्या खाली बसल्या, खुरपं घेतलं आणि सीलर खरवडायला लागल्या. चमक जाईल हो, असं कुणीतरी कुरकुरलं. जाऊ दे, म्हणाल्या. टिकली सरळ करणाऱ्या बायकाही हळूहळू शेजारी येऊन बसल्या. कित्येक दिवस खपून काकांच्या दारापासून देवळापर्यंत खाच मोकळी केली. कोरडी वाळू झाडूनं खाचेत सारली, पण काठोकाठ नाही. वर पातळसा हात, तोही चमक नसलेला.

मग काकांना बोलावलं. काठी खाचेत बसली! काका निघाले. लेकरू पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आई जवळच असते, पण हात आवरून धरते ना? तशा बाई बाजूनं चालल्या. काका डगमगले, पण बाईंचे हात मागेच राहिले. आणि देवळातली घंटा वाजली — काकांनी स्वतः वाजवली!

आता तुमची पाळी, मंडळी! सुनेसाठी स्वयंपाकघर बदलता, म्हाताऱ्यांचा पलंग हलवता, वर म्हणता, तुमच्याच सोयीचं केलंय. त्यांना विचारलंत? ते बघा, शेवटच्या ओळीतले आजोबा उठायला खांब शोधताहेत. उठा कुणीतरी! पण हात धरायच्या आधी विचारा — आजोबा, कसं जायचंय तुम्हाला?