जाळी गार, यंत्र तापलेलं

मंडळी, थोडं पुढे सरकून बसा. माझा आवाज लहान, आणि आजचं आख्यान कुठल्याच पुराणात नाही. सांगावं की नाही, हे ठरवता ठरवता इथवर आलो. आता उभाच आहे, तर एक विचारतो — माणूस आपली चूक लपवतो कुठे?

कपाटात? उशीखाली? छे! तिथे बायकोचा हात जातो! हसा, हसून घ्या. पुढे हसायला फारसं नाही. अशी एक जागा आहे, जिथे दुसरा तर नाहीच, पण आपण स्वतःसुद्धा कधी शोधायला जात नाही. ती कुठली? ऐका.

वाईला प्रभाकरपंत राहतात. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या हेरंबला त्यांनी आणि शालनवहिनींनी वाढवलं. पंतांचा धंदा चित्रांचा — पण कुंचल्याचा नाही, संगणकावरचा. जुना घाट पूर्वी कसा होता, दिवे लागले की पाण्यात कसा दिसायचा, हे हलत्या चित्रांत उभं करायचं काम देवस्थानानं त्यांना दिलेलं. उत्सवात ते गावाला दाखवायचं.

आता अशा कामाला साधा संगणक पुरत नाही. म्हणून हेरंबनं स्वतः एक जोडला. त्याचा जो मेंदू असतो ना — प्रोसेसर — त्याला कारखान्यानं नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं. ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मी विचारून आलोय, बरं का! पळालं की तापणार. तुम्हीआम्ही नाही तापत? म्हणून मेंदूवर धातूची डबी बसवायची. तिच्यात केसासारख्या बारीक फटी. त्यांतून पाणी फिरतं, ताप उचलतं आणि नळीनं जाळीकडे नेतं — मोटारीला असते तशी जाळी. तिथे पंखे. पाणी गार होऊन परत. असा अखंड फेरा!

छान चाललं होतं. दिवाळी झाली, थंडी पडली — आणि यंत्र तापायला लागलं! ऐन थंडीत! घाटाचं चित्र अर्ध्यात आलं, की पडदा काळा. पुन्हा सुरू, पुन्हा काळा. उत्सव जवळ येतोय!

पंत म्हणाले, "हेरंब, तुझ्या त्या वेगाच्या हावेनं केलंय हे."

"दादा, कमी करून बघतो."

वेग कमी केला. तरी ताप! पंख्यांची धूळ काढली. मेंदू आणि डबीच्या मध्ये लेप असतो, तोही नवा लावला. पाणी ढकलणाऱ्या पंपाला कान लावला — घरघर चालू. तरी ताप!

"पाणी पाहिलंस?" वहिनींनी विचारलं.

"पाणी मी स्वतः भरलंय, वहिनी. शुद्ध केलेलं, खराब होऊ नये म्हणून औषध घातलेलं. त्यात बघायचं काय?"

पाहिलंत? तोही तिथे गेला नाही! का? तर ते त्यानं *चांगलं* केलेलं होतं.

आणि एका सकाळी पंतांच्या तोंडून ते निघालं. निघू नये ते निघालं. म्हणाले, "तुझ्या हाताला यशच नाही रे. शिक्षण अर्धवट, नोकरी अर्धवट. आता माझं नावही बुडव."

मंडळी, ज्यानं लहानपणी भरवलं, त्याच्याच तोंडून हे ऐकायचं! हेरंब उठला. आत गेला, पिशवी भरली, दाराशी आणून ठेवली. "वहिनी, एवढं यंत्र धड करतो आणि पुण्याला निघतो. परत बोलावू नका."

वहिनी नवऱ्याकडे बघतात. नवरा खिडकीबाहेर बघतोय.

हेरंब यंत्रापाशी बसला. उगाच जाळीवर हात ठेवला — आणि थबकला. जाळी गार! मेंदू भट्टीसारखा, आणि जाळी गार! म्हणजे? ताप तिच्यापर्यंत पोचतच नाही! पंप ढकलतोय, पण वाटेत कुठेतरी पाणी अडलंय.

मंडळी, इथे मी क्षणभर थांबतो. बुवा, मृदंग राहू द्या. बाहेरून हात लावावा तर गार, आणि आत जाळ — असा माणूस तुमच्या घरात नाही ना? असला तर त्याला नावं ठेवू नका. कुठे अडलंय ते बघा.

हेरंबनं पाणी उतरवलं. डबीचे स्क्रू काढले. झाकण उचललं. आत शेवाळ! बारीक फटी लिबलिबीत बुजलेल्या. पाण्याला पहिल्यापासून हिरवा रंग घातलेला, म्हणून बाहेरून कुणाला कळलंच नाही. शुद्ध पाण्यात शेवाळ आलं कुठून? जुना दात घासायचा ब्रश घेऊन तो हलक्या हातानं खरवडू लागला. ब्रशाला काहीतरी अडकलं. काढून तळहातावर ठेवलं. काळपट, काडीएवढं.

वहिनी वाकल्या. "अगंबाई! ही तर तुळशीची मंजिरी!"

खिडकीपाशी पंतांचा चेहरा पांढरा पडला.

दिवाळीआधीची खंडेनवमी आठवा, मंडळी! लोहार घण पुजतो, शिंपी यंत्र पुजतो. पंतांनी संगणक पुजला. हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. हेरंब बाहेर गेलेला. यंत्राला पाण्याची छोटी टाकी असते, तिच्यातलं पाणी जरा खाली दिसलं. पंतांच्या मनात आलं — घाटाचं काम करणारं यंत्र, त्याच्या पोटात कृष्णामाईचं पाणी का नसावं? टोपण फिरवलं आणि तांब्यातलं तीर्थ ओतलं. तुळशीसकट! हात जोडले. डोळे भरून आले. आणि विसरून गेले.

कसे विसरले? चूक केली असती तर आठवली असती हो! टोचली असती. हे तर *पुण्य* होतं. पुण्याची झडती कोण घेतो?

माझी एक वेडीवाकडी ओवी आहे, गोड मानून घ्या —

ताप शोधिला बाहेरी ।
बोल ठेविला दुजावरी ।
आपुल्या हाताची थोरी ।
उघडोनी कोण पाहे ॥

हेरंबला कळलं होतं. पूजा कोण करतं, घरात सगळ्यांना ठाऊक! पण तो काय म्हणाला असेल? मंजिरी मुठीत घेतली आणि म्हणाला, "वाऱ्यानं आली असेल, वहिनी. पंखे ओढतात ना."

बंद डबीत? वाऱ्यानं? मंडळी, ज्याच्या हाताला यश नाही म्हणाले, तो हात बघा — कुणाची लाज झाकत होता!

पंतांना सुटका मिळाली होती. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण जवळ आले. हेरंबची मूठ स्वतः उघडली. "वाऱ्यानं नाही रे. मी घातली. तीर्थाबरोबर." त्यांनी मंजिरी उचलून घेतली. "आणि तुला काय बोललो मी!"

हेरंब खाली बघून फटी घासत राहिला. "भक्तीनं घातलीस, दादा."

"ती भक्ती मी तुझ्यावर कधी केली का?"

ब्रशाचा आवाज तेवढा येत राहिला.

डबी बसली, नवं पाणी भरलं. यंत्र सुरू झालं. जाळीवर हात ठेवला — कोमट! ताप वाहायला लागला! हेरंबनं वेग कमीच ठेवला होता. पंत खुर्चीमागे उभे. म्हणाले, "वाढव."

"दादा, असू दे. चालेल असंही."

"वाढव, हेरंब. तू जोडलंयस. मला भरवसा आहे."

वेग वाढला. घाटावर दिवे लागले. पाण्यात उतरले. पडदा काळा झाला नाही. आणि तेवढ्यात शालनवहिनी उठल्या, कुणाला काही न विचारता पिशवी उचलून आत घेऊन गेल्या. हेरंबनं पाहिलं. थांबवलं नाही.

आता तुमच्याकडे वळतो. माझ्याकडेही. चुका तपासा असं मी सांगत नाही. त्या अधूनमधून आपण तपासतोच. तुम्ही जे चांगलं केलंत ना — मुलाच्या भल्यासाठी, सुनेच्या वळणासाठी, भावाच्या हितासाठी, हात जोडून केलंत — त्याचं झाकण एकदा उघडून बघा. आत कुणाचा श्वास अडला नाही ना?

देवाचं नाव आपण घेणारच आहोत. पण कुणाच्या दाराशी भरलेली पिशवी असेल, तर त्यानं उठावं. आधी ती आत ठेवून यावं. आम्ही टाळ धरून थांबतो.