आई वजनावर

सून : नाही म्हणजे नाही. भाऊजी येऊ देत, वजन होऊ दे, तुम्ही त्यांच्या गाडीत बसा. मग तिकडे पोचलात की थोरल्या सुनेच्या हातून हव्या तेवढ्या गोळ्या खा.

आई : हव्या तेवढ्या नकोत. एक हवीय. पांढरी, लघवीची. सोमवारपासून दिली नाहीस.

सून : मंगळवारपासून. उगाच वाढवून सांगू नका.

आई : बरं बाई, मंगळवारपासून. पाय बघितलेस माझे? सकाळी पायमोजा काढलास तेव्हा घोट्याभोवती केवढी खाच पडली होती. चपलेत पाय शिरत नाहीये.

सून : तुमच्या मुलाची जुनी चप्पल देते. ती ढगळ आहे.

आई : रात्र खुर्चीत काढली मी. आडवं झालं की छातीवर कोणीतरी येऊन बसतं.

सून : माहितीये. तुमच्या खोकल्यानं आम्हीही जागेच होतो. तुमच्या मुलानं कानात कापूस घातला आणि कूस बदलली. मला तेही जमत नाही.

आई : आणि सूप? सूप खारट का लागतंय? डॉक्टरांनी मीठ तोडलंय माझं.

सून : हात जरा सैल पडला.

आई : रोज सैल पडतो?

सून : आई, तुम्ही मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होतात, कबूल. अख्खं वसतिगृह तुम्हाला टरकून असायचं, तेही कबूल. पण मी तुमच्या वसतिगृहातली पोरगी नाही. माझी उलटतपासणी घेऊ नका.

आई : पोरगी असतीस तर एव्हाना बोचकं बांधून घरी धाडली असती.

सून : बघा! श्वास पुरत नाही म्हणे. टोमण्याला बरा पुरतो.

आई : का चालवलंयस हे? तेवढं तरी सांग.

सून : तुम्हाला माहीत नाही? तुमच्या लेकीला, ताईंना, फोनवर कोण म्हणालं होतं, इथे मला पोटभर मिळत नाही म्हणून?

आई : मला भूक लागत नाही, असं म्हटलं होतं मी.

सून : खोटं. दाराआड उभी होते मी.

आई : मग म्हणाले असेन. तू पाहुण्यांसमोर माझं ताट उचललंस, घास हातात असताना. राग आला होता मला.

सून : तुमचा राग एका फोनात निवला, मला मात्र आजवर पुरतोय. ती गोळी तेव्हा नुकती सुरू झाली होती. अंगातलं पाणी उतरलं, गाल बसले, आणि तशाच तुम्ही भाऊजींकडे राहायला गेलात. ताई एवढ्या लांब, त्यांनी व्हिडिओवर तुमचा चेहरा बघून गळा काढला आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, धाकटीनं आईला उपाशी मारलं. माझ्या आईपर्यंत गेलं ते. माझ्या आईनं फोन करून मला विचारलं, खरं का गं? माझ्या सख्ख्या आईनं! त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून रडले मी. 

आई : मला नाही सांगितलंस कधी.

सून : तुम्हाला? तुम्ही हसला असतात. आणि तेव्हापासून ताईंचा नियम. तुम्हाला सांभाळायची एकेका भावाची पाळी संपली की तुम्हाला काट्यावर उभं करायचं, फोटो काढायचा, पाठवायचा. आलात तेव्हापेक्षा वजन कमी भरता कामा नये.

आई : काटा त्यासाठी नव्हता आणला. डॉक्टर म्हणाले होते, रोज सकाळी वजन बघा. एकदम वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजा आणि लगेच घेऊन या.

सून : डॉक्टर नातेवाइकांच्या ग्रुपवर नाहीत.

आई : मी सांगेन थोरल्याला. तू गोळी बंद केलीस म्हणून तोंडावर सांगेन.

सून : सांगा की. त्यांची पाळी संपल्यावर परत इथेच यायचंय तुम्हाला. तेव्हा दार मीच उघडते.

आई : मला भीती वाटतेय गं.

सून : कसली?

आई : मरायची. आणखी कसली असणार या वयात?

सून : मलाही वाटायची, लग्न होऊन आले तेव्हा. तुमची. जिन्यावर तुमच्या चपलांचा आवाज आला की हातातलं पातेलं सुटायचं. हळूहळू गेली. तुमचीही जाईल.

(दारावरची बेल वाजते. थोरला मुलगा आत येतो. बूट न काढताच.)

थोरला : चला, आटपा. गाडी खाली भलत्याच जागी लावलीय. काटा कुठाय?

सून : या भाऊजी. चहा टाकू?

थोरला : नको. आधी काम. हा कुठे गेलाय, तुझा नवरा?

सून : सकाळीच बाहेर पडले. त्यांना बघवत नाही, आई जाताना.

थोरला : दर वेळी बघवत नाही त्याला. चल आई, ऊठ.

आई : हात दे.

थोरला : हं, असं. पाय उचल. आणखी वर. अगं, फरशीवरून घासत काय आणतेस? उचल.

आई : जड झालेत रे.

थोरला : ठेव काट्यावर. दुसरा. आता माझा हात सोड. भिंत नाही धरायची, भिंत धरली की कमी भरतं.

सून : हो, भिंत नका धरू देऊ! माझं नुकसान होतं.

आई : पडेन मी.

थोरला : मागे आहे ना मी. हात लावणार नाही, नुसता आहे. सरळ उभी राहा. श्वास रोखून धर जरा, आकडा नाचतोय.

आई : रोखायला आधी यायला तर हवा.

सून : थांबला! थांबला आकडा! बघा, आल्या तेव्हापेक्षा दोन किलो वर. काढा फोटो. चेहरासुद्धा येऊ दे, नाहीतर म्हणतील दुसऱ्याच कोणाला उभं केलं. पाठवलात?

थोरला : पाठवला.

आई : आता बसू का?

थोरला : बस. दोन किलो वर? एवढं काय खायला घातलंस हिला?

सून : प्रेमानं वाढलं की अंगी लागतं, भाऊजी.

थोरला : असं? आई, पाय इकडे कर. साडी वर घे थोडी.

सून : पाय कशाला आता? फोटो गेला ना?

थोरला : तू गप बस. गोदामात हाडं झिजली माझी. भिजवलेली पोती काट्यावर टाकून वजन दाखवणारे रोज येतात माझ्याकडे. वरून सुकं दिसतं, आत बोट घातलं की कळतं. हे बघ. नडगीवर अंगठा दाबला. आता काढला. खड्डा बघ. तसाच आहे. हे मांस नाही. पाणी आहे हे सगळं.

आई : दिसलं ना तुला? देवासारखा आलास बघ. मंगळवारपासून गोळी नाही दिली हिनं, वर मीठ घातलं सूपात. आता तू दे.

थोरला : ओला माल गळ्यात मारतेस होय माझ्या?

सून : आणि तुम्ही कोरडा दिला होतात? या खेपेला ह्या तुमच्याकडून आल्या तेव्हा पिशवीत गोळ्यांचं पाकीट होतं. शेवटच्या सगळ्या गोळ्या जिथल्या तिथे, एकही फोडलेली नाही. इथे आल्यावर मी गोळी सुरू केली, तुमच्या घरचं पाणी माझ्या बाथरूममध्ये उतरलं. चादरी पिळून पिळून मनगटं गेली माझी. आणि ताईंकडे आकडा गेलेला तुमच्या पाण्याचा! तो मी कोरड्या म्हातारीत कुठून भरून काढू? सांगा ना, कुठून?

थोरला : आवाज चढवू नकोस.

आई : तुझ्या बायकोनं सांगितलं होतं मला, गोळी डॉक्टरांनीच थांबवलीय.

थोरला : बायकोला कशाला मध्ये आणतेस? मीच सांगितलं होतं तिला तसं बोलायला.

आई : तू?

थोरला : मग काय करू? ताईची कटकट कोण ऐकणार, तू?

आई : अरे, पोटचा ना तू माझा?

थोरला : दोघंही पोटचेच होतो की. आमची प्रगतिपुस्तकं शेजारी शेजारी मांडून, ज्याचे गुण जास्त त्याला आधी वाढायचीस. मी पुष्कळदा दुसरा बसलोय, आई. गार झालेलं जेवलोय. तेव्हा मजा वाटायची ना तुला? आता आमचे गुण ताई मोजते, इतकंच.

सून : ताईंचं आलं बघा उत्तर. वाचून दाखवू? ‘आई किती छान भरलीय. गालांवर तेज आलंय. धाकट्या वहिनी, चुकले मी, मनापासून सॉरी.’ पुढे रडकं तोंड आणि बदाम. सगळ्यांच्या देखत टाकलंय, ग्रुपवर. भाऊजी, किती दिवस वाट बघितली मी या एका ओळीची!

आई : मला बोलू दे तिच्याशी.

सून : आता नको. आता तुम्ही बोललात तर धाप ऐकू जाईल.

आई : बरं. नाही बोलत. मागचं सगळं जाऊ दे, मी चुकले, तुम्ही चुकलात, सगळे चुकलो. गोळी द्या.

थोरला : आत्ता? गाडीत बसायचंय तुला. आत्ता घेतलीस तर वाटेत दर वळणावर लागेल. कुठे उतरवू मी तुला, पुलावर? सीट नव्यानं शिवून घेतल्यात. घरी पोचल्यावर घे.

आई : पाकीट माझ्या मुठीत आहे. सकाळी ही आंघोळीला गेली तेव्हा कपाटातून काढलं. मघापासून फोडायला बघतेय. बोटं सुजलीत, कागद फाटत नाही नखानं. एवढं फोडून द्या कोणीतरी. पाणीही नको, कोरडी गिळते.

सून : माझं कपाट उघडलंत? आणा ते इकडे.

थोरला : राहू दे तिच्या हातात. फुटत नाहीये ना.

आई : इतक्या मुलींना औषधं पाजली मी. नाक दाबून पाजली. एकीलाही नाही म्हटलं नाही.

सून : भाऊजी, ओठ बघा हो यांचे. निळे दिसतायत.

थोरला : तुझ्या घरात उजेड कमी आहे.

सून : उजेड रोजचाच आहे. नखंसुद्धा बघा.

थोरला : हे बघ, मी अशी नेणार नाही हिला. वाटेत काही झालं तर माझ्या गाडीत होणार. ताई जन्मभर म्हणेल, धाकटीकडून चांगली धडधाकट निघाली आणि थोरल्यानं वाटेत घालवली. फोटो आहे ना तुझ्याकडे, तेज आलेल्या गालांचा! आधी पाणी उतरव, मग नेतो.

सून : आता उतरवू? वजन गेलंय ताईंकडे! उद्या तुम्ही वजन केलंत आणि कमी भरलं तर? नाही हं भाऊजी. आज पाळी संपते आमची. ठरलंय ते ठरलंय.

आई : मला दोघांकडेही नको. दवाखान्यात न्या. आत्ता.

थोरला : नेऊ ना. पण दवाखान्यातले दिवस कोणाच्या पाळीत धरायचे?

सून : तुमच्या. न्यायला तुम्ही आलात.

थोरला : अजून तुझ्या घरात बसलीय ती. आज तारीख तुमची आहे. आज भरती केली की कागदावर तुमच्या घरातून आली असं लागेल. गोळी का बंद होती, हे डॉक्टर तुला विचारतील, मला नाही.

सून : आणि उद्या?

थोरला : उद्यापासून माझी तारीख. ते मी नाकारत नाही.

सून : मग उद्या सकाळी न्या. इथूनच न्या हवं तर, मी दार अडवणार नाही. डॉक्टरांना म्हणा, तुमच्याकडे येता येता त्रास झाला.

थोरला : म्हणेन काहीतरी. लवकर येतो. मात्र परत काट्यावर नको चढवायला, आजचाच फोटो धरू.

सून : चालेल. आणि भाऊजी, ग्रुपवर काही लिहू नका मधेच.

थोरला : वेडी आहेस का? मी काय लिहिणार?

आई : ठरलं का तुमचं?

थोरला : ठरलं, आई. उद्या सकाळी.

आई : मग आवाज खाली घ्या आता. शेजारी ऐकतील. मी बसते उद्यापर्यंत.