अण्णाचं दहावं घड्याळ

मंडळी, नमस्कार. सभा शोकाची हाय, आन् अण्णाचं नाव घेतलं की मला हसू येतंय. काय करू? सांभाळून घ्या. मी पलूसचा, फौजेतनं रिटायर झालेला सुभेदार. मला बोलायची सवय न्हाई, वरडायची हाय.

मिरजेत सगळ्यांची घड्याळं दुरुस्त करता करता अण्णानं स्वतःचं मनगटी घड्याळ बनवलं. चावीचं. सेल न्हाई, काय न्हाई. दहाच करणार म्हणला. किंमत ऐकून मी म्हणलं, "आरं, एवढ्यात मुऱ्हा म्हैस येती!"

"मग म्हैस बांध मनगटाला," म्हणला. घेतलं की वो घड्याळच!

फुडं खंडेनवमी आली. आमच्यात नांगर, ट्रॅक्टर, बंदूक, सगळ्यांची पूजा. घड्याळाला कसं वगळायचं? पूजा पार चाकांपतोर पोचावी म्हणून मी सुरीनं मागचं झाकण उघडलं, आन् आत हळद-कुंकू वाहिलं. घड्याळ जाग्यावर बंद!

अण्णानं कपाळावर हात मारला. "सुभेदारा, शत्रूनं बी असं केलं नसतं रं." आन् घड्याळ लेकीफुडं सरकवलं. सुरेखानं चार दिवस एकेक चाक धुतलं, तेल दिलं, परत बसवलं.

सुरेखा, तू समोर बसलीयास. काल मला म्हणालीस, "काका, दहावं घड्याळ अर्धं राहिलंय. पुण्याचे एक जण तसंच अर्धं मागतायत, शोभेला कपाटात ठेवायला. देऊन टाकते. माझ्या हाताला बाबांची सर नाही. तुमचं घड्याळसुद्धा बाबांनीच मागनं नीट केलं असणार."

न्हाई पोरी. मी तिथंच स्टुलावर बसलो हुतो. चौथ्या दिवशी तू घड्याळ जोडून जेवायला गेलीस. अण्णानं भिंग लावलं, लय वेळ बघितलं, आन् कशाला बी हात न लावता झाकण बंद केलं. म्हणला, "पोरीनं मला करायला काय ठेवलंच न्हाई." डोळं भरलं हुतं त्याचं. वर मलाच दम, "तिला सांगू नको, शेफारंल!"

इतकी वर्षं शब्द पाळला. आज मोडला. अण्णा, माफ कर गड्या.

मंडळी, आता दोन मिनटं समदे उभं राहू या, गप्प. सुरेखा, तू तेवढी थांबू नको. जा, दुकान उघड.