चार तोबांचं घर

अद्दूम : नाही खाला, हा अंगठा मस्तूराचा नाही.

कल्तूमा : तिच्या सख्ख्या बहिणीचा आहे. एकाच आईचं दूध प्यायल्यात दोघी.

अद्दूम : यंत्राला दूध कळत नाही. मस्तूरालाच यावं लागेल.

कल्तूमा : ओली बाळंतीण आहे ती. आज आठवा दिवस. चाळीस दिवस घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं. तुझी आई पडली होती का रे बाहेर?

अद्दूम : माझ्या आईला घर होतं.

कल्तूमा : आणि हिला नाही, असंच ना?

अद्दूम : चुकलं, खाला.

कल्तूमा : राहू दे. ते यंत्र उचल आणि चल माझ्याबरोबर.

अद्दूम : तार बॅटरीला जोडलीय. टेबलावरून हलवलं तर साहेब मलाच हलवतील. आज सूर्य मावळला की छावणीच्या शिध्याची यादी बंद. पुढची तीन महिन्यांनी. तोवर बाळंतिणीचं जास्तीचं पीठ नाही, तेल नाही, आणि पोरीचं नाव कुठेच नाही.

कल्तूमा : तिला दूध नीट येत नाहीये, अद्दूम. पोट भरलं तर येणार ना!

अद्दूम : म्हणून तर सांगतोय, आणा तिला. दोनशे पावलं आहेत फक्त.

(दोनशे पावलांवर, मस्तूराच्या छपराखाली.)

मस्तूरा : नाही.

कल्तूमा : मी अजून काही बोललेच नाही.

मस्तूरा : तुमची पावलं बोलली, दाई. चिडलात की टाचा आपटता.

कल्तूमा : मेथीची पेज प्यायलीस?

मस्तूरा : अर्धी. अर्धी बहिणीच्या पोरांना दिली.

कल्तूमा : वा! चांगली बाळंतीण आहेस. अगं, जेनेनाहून कळा देत चालत आलीस. सरहद्दीवरची ती वाळूची नदी ओलांडलीस. आणि दोनशे पावलांना घाबरतेस?

मस्तूरा : घाबरत नाही. तेव्हा बंदूक दाखवून घराबाहेर काढलं मला. आता कागद दाखवून काढतायत. एकदा निघाले, दाई. पुन्हा कुणी सांगितलं म्हणून निघणार नाही. हे चाळीस दिवस माझे आहेत.

कल्तूमा : आणि ही तुझी लेक? हट्ट पिऊन जगेल?

मस्तूरा : मला काय विचारता? तीस वर्षं बाळंतपणं करताय, एकाही बाईला उंबरा ओलांडू दिला नाही असं सगळ्यांना सांगता.

कल्तूमा : इथे कुठाय उंबरा? नुसती रेघ आहे मातीत.

मस्तूरा : रेघ तुम्हीच ओढलीत. माझ्यासमोर, काठीने. म्हणालात, हे दार.

कल्तूमा : म्हणाले.

मस्तूरा : मग?

कल्तूमा : मग… थांब जरा. दार मी ओढलं ना? मग मी उचलेनही. तुझ्या बहिणीला हाक मार. शेजारच्या तिघींनाही. काठ्या घेऊन या म्हणावं. डोक्याला फडकी बांधा आणि अंगावरचे तोब सोडा. नऊ हात कापड एकेकीचं, काठ्यांवर ताणलं की एकेक भिंत होते त्याची.

मस्तूरा : कसल्या भिंती? लोक हसतील, दाई.

कल्तूमा : हसू देत. घरं जळत होती तेव्हा कोण रडलं होतं? तू घराबाहेर पडायचं नाहीस. घर निघेल. तू आपली आतल्या आत चाल, पोरीला छातीशी धरून. आणि हळू. टाके आहेत.

…

अद्दूम : हे काय आणलंत, खाला?

कल्तूमा : घर.

अद्दूम : अहो, रांग आहे!

कल्तूमा : बघ की, रांगेतल्या बायका आपणहून सरकल्या. तूच तेवढा अडून बसलायस.

अद्दूम : आत कोण आहे ते मला दिसायला नको?

कल्तूमा : बाळंतिणीच्या खोलीत डोकावतोस? आईला सांगू तुझ्या?

अद्दूम : नको नको. यंत्र कापडाखालून आत सरकवतो… तार पुरत नाही. घर एक पाऊल पुढे घ्या.

कल्तूमा : चला गं भिंतींनो, एक पाऊल.

मस्तूरा : दाराशी कोण आहे?

अद्दूम : मी अद्दूम, ताई. यादीवाला. अंगठा ठेवा… जरा दाबून. हां, लागला. लेकीचं नाव?

मस्तूरा : हवाया. कालच ठेवलं, सातव्या दिवशी. बकरा नव्हता, खजूर वाटले.

अद्दूम : बापाचं नाव?

मस्तूरा : हारून. पुढे लिही, जिवंत.

अद्दूम : कुठे असतात?

मस्तूरा : माहीत नाही.

अद्दूम : मग ताई, जिवंत लिहायला काही पुरावा लागतो…

मस्तूरा : मेल्याचा आहे तुझ्याकडे?

अद्दूम : तोही नाही, ताई.

मस्तूरा : लिहिलंस?

अद्दूम : लिहिलं. हारून. जिवंत.

कल्तूमा : आणि ऐक, माझ्या आणखी सहा बाळंतिणी आहेत. सूर्य मावळायच्या आत हे घर सहा वेळा येईल तुझ्या टेबलाशी.

अद्दूम : येऊ दे. खाला…

कल्तूमा : आता काय?

अद्दूम : परत नेताना त्या बाभळीखालून न्या घर. तिथे सावली आहे.