काढून टाकलेलं वाक्य

अरे, आमच्या समीरने सिनेमा केला होता ना, एका कादंबरीवरून, त्याचं सांगतो. त्यातलं सरकार लोकांना आपली मेलेली माणसं विसरायला लावतं. कादंबरीचे हक्क घेतले नव्हते, म्हणून कसब्यातल्या एका गोदामात, ओळखीच्यांनाच गुपचूप दाखवला.

त्यात एक म्हातारा आहे, त्याचं काम शेजारच्या नानाकाकांनी केलं. बायकोच्या फोटोकडे बघून 'मी या बाईला ओळखत नाही' एवढंच म्हणायचं होतं. फोटो त्यांनी घरूनच आणला, गेलेल्या काकूंचा.

सिनेमा संपल्यावर सगळे त्यांचं कौतुक करत होते, तेव्हा ते समीरला म्हणाले, "तेवढं वाक्य काढता येईल का रे?"

"काका, सगळा सिनेमाच त्यावर उभा आहे."

"असेल. पण मी तिला असं कधी बोललो नव्हतो."

समीरने वाक्य काढलं. आता सिनेमा कुणालाच कळत नाही, आणि समीर कुणाला समजावतही नाही.